अनुभव धागा: कॅसिनोच्या गावात काटकसरीची सुट्टी

घोडबंदरकर
दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरच्या डब्यात मांडवी नदीतल्या बोटीवरच्या कॅसिनोची जुनी चिप (पैशांऐवजी लावायचं टोकन) निघाली आणि एकदम पणजीच आठवली. आपल्या ठाणे-नवी मुंबईकरांत दर सुट्टीला कोणीतरी विचारतंच, 'कॅसिनो बघायचाय, पण दिवाळं नको.' म्हणून हा धागा. 'खूप मजा आली' नको, गाडी-खोली-तिकीट आणि काय फसतं ते लिहा. मकाव, वेगस माहीत असेल तर तेही येऊ द्या.
सुरुवात करतो. पणजी शहरात रेल्वे स्टेशन नाही. जवळचं करमळी, साधारण १२ किमी. कोकणकन्या, मांडवी, तेजस तिथे थांबतात. वंदे भारत थांबत नाही, तिने गेलात तर थिवी नाहीतर मडगाव. थिवीहून म्हापसा आणि तिथून पणजीची बस. मडगावहून कदंबची (गोव्याची एसटी) शटल. कोकणकन्या रात्रीची आहे, एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं.

पनवेल_फलाट
आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. १२० दिवस विसरा, ते नोव्हेंबर २०२४ पासून बंद. ठाण्याहून किंवा पनवेलहून वेटिंग दाखवत असेल तर सीएसएमटीहून तिकीट बघा आणि बोर्डिंग ठाणे/पनवेल टाका. थोडे पैसे जास्त जातात पण कोटा वेगळा असू शकतो. बोर्डिंग बदलायला विसरलात तर टीसी जागा दुसऱ्याला देऊन मोकळा. तत्काळ एसी १० ला, स्लीपर ११ ला, आणि खातं आधारशी जोडलेलं हवं. ते आदल्या रात्री जोडा, ९:५५ ला नाही 😄

नेरूळची_मावशी
मांडवीने जा गं कोणीतरी, त्या गाडीत खायला सतत काही ना काही येत असतं. दिवस जातो पण पोट भरतं.

घोडबंदरकर
मावशी, धागा पैसे वाचवायचा आहे 🙏

नेरूळची_मावशी
मग दशम्या आणि चटणी न्या.

ऐरोली२४
विमानवाल्यांनो, तिकिटावर जीओएक्स म्हणजे मोपा आणि जीओआय म्हणजे दाबोळी. पणजी दोघांच्या मधे. स्वस्त तिकीट बघून घेतात आणि परतीचं दुसऱ्या विमानतळाचं निघतं. मोपाहून कदंबच्या बसेस आहेत. टॅक्सीने गेलात तर तिकिटात वाचवलेलं तिथेच उडालं. ओला-उबर गोव्यात नाहीत, गोवा माइल्स ॲप आधीच टाकून ठेवा.

शून्याचा_हिशेब
आता मुख्य मुद्दा. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जेवण, ठरावीक मद्य आणि 'इतक्या रुपयांच्या चिप्स' असतात. त्या चिप्स बहुतेक ओटीपी, म्हणजे वन टाइम प्ले. रोकड होत नाहीत. लावली की जिंका वा हरा, ती चिप जाते. जिंकलात तर फक्त जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये मिळते.
समजा २,००० च्या ओटीपी मिळाल्या आणि रूलेटवर (फिरत्या चक्रात गोळी कुठल्या घरात पडते त्याचा खेळ) लाल किंवा काळ्यावर लावल्या. एका शून्याच्या चक्रात ३७ घरं, त्यातली १८ तुमची. सरासरी हाती येणार २,००० × १८/३७ = ९७३. म्हणजे 'फुकट दोन हजार' ही वस्तू हजाराच्या आतली. पॅकेजांची तुलना करताना चिप्सचा आकडा निम्मा धरा आणि मग बघा जेवणाला नक्की किती पडतायत. ओटीपी कुठल्या टेबलवर, कुठल्या बाजीवर चालतात हे काउंटरवर विचारायचं. आत गेल्यावर कळून उपयोग नाही.
पुढे स्वतःच्या पैशाने खेळायचं असेल तर चक्रावर शून्य मोजा. एक शून्य: शंभरामागे सरासरी २.७० जातात. दोन शून्य: ५.२६. शंभरची बाजी आणि तासाला ४० फेऱ्या धरा, ४,००० ची उलाढाल. एका शून्यावर तासाला १०८ रुपये, दोनवर २१०. करमणुकीचं भाडं म्हणून हेच धरायचं. सरासरी आहे हां, एका रात्रीत काहीही होऊ शकतं.

कोपरीचा_बंड्या
दिवाळीत घरी तीन पत्ती खेळताना हे गणित कुठे असतं दादा

शून्याचा_हिशेब
तिथे घर आपलंच असतं.

वाशी_सीए
कराचं राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर जीएसटी ४० टक्के, आधी २८ होता. प्रवेशावर आणि चिप्स विकत घेताना लागतो. जिंकलेल्यातून परत खेळलात तर त्यावर पुन्हा नाही. म्हणून एकदाच, ठरवलेल्या रकमेच्या चिप्स घ्या. फलकावरचा दर करासकट आहे की वेगळा हे विचारा, बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. जिंकण्यावर आयकर ३० टक्के अधिक सेस, आणि त्यातून हरलेले वजा करता येत नाहीत.

नौपाडा_ताई
दिवस: सोमवार ते गुरुवार. शुक्रवार-शनिवारी प्रवेश, खोली दोन्ही चढतं. वय २१ पूर्ण, ओळखपत्र मूळ, मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालू नका. पुरुषांना हाफपँट-चप्पल चालत नाही, बंद बूट आणि फुल पँट बॅगेत ठेवा. टेबलवर मोबाइल काढू देत नाहीत. रस्त्यात 'सवलतीचं तिकीट' म्हणून अडवणारे भेटतात, पुढे चालायचं, थेट काउंटरवर. पॅकेजमध्ये जेवण आहे म्हणून दुपारी हलकंच खा 😀 आणि बोटीवर जेवण किती वाजेपर्यंत ते आधी विचारा, उशिरा चढून उपाशी राहणारे पुष्कळ.

पनवेल_फलाट
सकाळी मात्र पावभाजी. तिथली, आपली नव्हे! पातळ भाजी आणि पाव. कॅफे तातो, कॅफे भोसले. संध्याकाळी गाड्यावर रोस (रश्श्यातलं) ऑम्लेट.

कोपरीचा_बंड्या
शिवडीच्या अटल सेतूवरून निघून मांडवीच्या अटल सेतूवर उतरायचं, एकाच नावाची सहल 😂

ऐरोली२४
हसू नका, कामाचं आहे. दोन्हींवर दुचाकी चालत नाही. पणजीत स्कूटर भाड्याने घेतलीत की नकाशा अटल सेतूवर नेतो. खालच्या जुन्या पुलाने जा. आणि भाड्याच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी पाहिजेत. पांढऱ्या पाटीची स्वस्त देतात, पोलिसांनी धरलं की दंड तुमचा.

नौपाडा_ताई
स्कूटर तरी कशाला, फोंतेन्हास (जुनी पोर्तुगीज वस्ती), चर्च, १८ जून रस्ता सगळं पायी होतं. बेतीची फेरीबोट पायी जाणाऱ्याला फुकट, कॅसिनोच्या बोटींचे दिवे बघायला संध्याकाळी तिनेच जाऊन या. जुने गोवें करमळी स्टेशनच्या जवळ आहे, परतीच्या दिवशी ते करून गाडी पकडता येते.

सानपाडा_ते_मकाव
मकाव लिहितो घाईत, डबा भरायचाय. तिथे कॅसिनोत शिरायला पैसे लागत नाहीत, वय २१ च. भारतीयांना ३० दिवस व्हिसा नको. हाँगकाँगवरून जाणार असाल तर तिथलं प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन ऑनलाइन करा, फुकट आहे, प्रिंट जवळ ठेवा. ते नाकारलं गेलं तर सगळा बेत बदलतो, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी. मग हाँगकाँग-मकाव पुलावरची बस, दिवसा ६५ हाँगकाँग डॉलर, फेरीपेक्षा बरीच स्वस्त. सीमेवरून मोठ्या हॉटेलांच्या शटल फुकट. शहर बस ६ पटाका (मकावचं चलन), सुटे द्या, परत मिळत नाहीत. हाँगकाँग डॉलर सगळीकडे चालतात पण एकास एक, म्हणजे साधारण ३ टक्के गेले, आणि सुटे पटाकात येतात. ते तिथेच संपवा, हाँगकाँगमध्ये कोणी घेत नाही. मुक्काम शुक्रवार-शनिवार टाळून. तेवढ्यासाठी हाँगकाँग आधी करायचं की नंतर ते ठरवा.

नेरूळची_मावशी
शाकाहारी काय मिळतं रे तिकडे?

सानपाडा_ते_मकाव
मावशी, अंड्याचे टार्ट प्रसिद्ध आहेत, म्हणजे तुम्हाला नाही 🙈 थेपले.

वाशी_सीए
अमेरिकेतल्या मुलाकडे राहून वेगसला जाणाऱ्या आईवडिलांसाठी दोन ओळी. खोलीच्या भाड्यावर दर रात्रीची रिसॉर्ट फी असते, ती धरूनच तुलना करा. चेक-इनला अनामत म्हणून कार्डवर रक्कम अडकवतात. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत तर ते पैसे बरेच दिवस सुटत नाहीत, क्रेडिट कार्डच द्या. डूस (तिथली शहर बस) बसचा २४ तासांचा पास ८ डॉलर. बेलाजिओ हॉटेलची कारंजी फुकट.

शून्याचा_हिशेब
तिकडे तीन शून्यांची चक्रंही आहेत. ७.६९ टक्के. नुसतं बघा.

घोडबंदरकर
चिपवर बारीक अक्षरात 'नॉन-कॅशेबल' छापलंय.

शून्याचा_हिशेब
मग कॅरमची सोंगटी हरवली असेल तर तिथे लावा.

कोपरीचा_बंड्या
जूनमध्ये खोल्या स्वस्त असतात ना? मासे मिळतील?

पनवेल_फलाट
खोल्या हो. पण १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, ताजी मासळी कमी आणि महाग. शिवाय पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे हळू चालते, वंदे भारतचे दिवसही कमी होतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर बघ.

नेरूळची_मावशी
तेव्हा श्रावण असतो.