ईटिंग डिसऑर्डरसाठी ग्रुप थेरपी, कुणी केलीये का? जाऊ की नको (पुणे)

अर्धीपोळी:
नवीन आयडी काढून लिहितेय कारण जुन्या आयडीवर मावसबहीण आहे. वय २८, पुण्यात आयटीत. कॉलेजपासून माझं खाण्याचं सगळं बिघडलेलंय. दिवसभर काही नाही, मग रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात लाइट न लावता उभ्याउभ्या पोटाला तडस लागेपर्यंत खायचं आणि मग ते बाहेर काढायचं. दहा वर्षं घरात कुणाला पत्ता नाही. उलट आजी शेजारीपाजारी कौतुकाने सांगते की आमची नात फार धार्मिक, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सगळं करते. आता तिला काय सांगू, उपास म्हणजे माझा पास आहे, त्या दिवशी कुणी विचारत नाही का जेवली नाहीस.

मार्चमध्ये दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, त्यांनी दातांची आतली बाजू झिजलेली बघितली आणि असिस्टंटला बाहेर पाठवून हळूच विचारलं. मी तिथेच खुर्चीवर रडले, तोंडात कापसाचे बोळे तसेच. तेव्हापासून थेरपिस्टकडे जातेय. बरं वाटतंय म्हणजे रोज नाही पण आधीपेक्षा बरं. आता त्या म्हणतात याच्या जोडीला ग्रुप जॉइन कर, आठ जणी, दर शनिवारी दीड तास, १६ आठवडे.

माझी गाडी इथेच अडलीये. एक तर पुणं एवढंसं, कुणीतरी ओळखीचं निघणारच. दुसरं, बोलायला लाज वाटते पण बोलते, मला वाटतं तिथे सगळ्या माझ्याहून बारीक असतील आणि मला बघून मनात म्हणतील हिला कसला आलाय आजार, चांगली खात्यापित्या घरची दिसतेय. आणि तिथे म्हणे सगळ्यांनी एकत्र बसून खायचं पण असतं!! मी ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणासमोर घास घेत नाही. कुणी गेलं असेल तर खरं खरं सांगा, गुळगुळीत नको.

डोंबिवलीफास्ट:
मी केलंय, मुंबईत, चार वर्षांपूर्वी. पहिले दोन शनिवार स्टेशनपर्यंत जाऊन परत आले, तिसऱ्या वेळी ग्रुप चालवणाऱ्या ताईंचा फोन आला की आम्ही चहा टाकलाय, ये. गेले.

आमच्याकडे दारावर आतून एक ए-फोर कागद चिकटवला होता, त्यावर स्केचपेनने 'आकडे चपलांसोबत बाहेर' एवढंच. म्हणजे वजन, कॅलरी, कपड्याचा साइज, किती दिवस उपाशी, काहीच बोलायचं नाही. मला आधी बालिश वाटलं होतं पण पहिल्या अर्ध्या तासात कळलं की आकडे काढले की मला माझ्याबद्दल बोलायला दुसरं काही सुचतच नाहीये. गप्प बसले नुसती.

तुझ्या बारीक-जाडच्या प्रश्नाबद्दल. तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात एकीने हेच बोलून दाखवलं की मी इथली सगळ्यात जाड, तुम्ही सगळ्या मला काय म्हणत असाल. आणि एकेक करून सगळ्यांनी सांगितलं की अगं हे तर मलाच वाटत होतं. सातच्या सात जणी! जिची मनगटं बघून मला काळजी वाटायची ती पण. आधी शांतता आणि मग अशी हसलो आम्ही की बाजूच्या क्लासमधला मास्तर बघायला आला.

खाण्याचं सांगते कारण तीच भीती मोठी असते. वरणभात, वर तूप, लिंबू. एक मुलगी चमच्याच्या कडेने तूप खरवडून ताटाच्या काठाला लावत होती, इतकं हळू, जसं काही कुणाला दिसणारच नाहीये. ताईंनी तिला खा म्हटलं नाही. फक्त विचारलं, आत्ता डोक्यात काय वाक्य चालू आहे? तिने सांगितलं आणि ते शब्दाला शब्द माझं वाक्य होतं. पंधरा वर्षं मला वाटायचं ते मीच बोलतेय, माझंच मत आहे ते. दुसरीच्या तोंडून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा तर आजार बोलतोय, याची टेप सगळ्यांकडे सेम आहे.

गुळगुळीत नको म्हणालीस म्हणून हेही सांगते, एक जण मध्येच सोडून गेली. आणि एकदा कुणीतरी ती काय काय 'युक्त्या' करायची ते सांगायला लागली, ताईंनी तिथल्या तिथे थांबवलं, पण तेवढं ऐकलेलं माझ्या डोक्यात दोन दिवस फिरत होतं. त्यामुळे ग्रुप कोण चालवतंय ते महत्त्वाचं. ओळखीचं म्हणशील तर माझ्या ग्रुपमध्ये आमच्याच सोसायटीच्या बी विंगमधल्या काकू निघाल्या. वय ५४. लिफ्टमध्ये भेटलो तर अजून फक्त पावसावर बोलतो.

सडेतोड_नाना:
हे सगळे पैसेवाल्यांचे आजार आहेत. मुलीने सकाळी १२ सूर्यनमस्कार घालावेत, घरचं साधं जेवण जेवावं, मोबाइल बंद. मनाचा निर्धार हवा. आमच्या वेळी ताटात टाकायची हिंमत नव्हती कुणाची.

लेकीचीआई:
नाना, रागावू नका पण वर्षापूर्वी मी हेच्या हेच बोलत होते. नवव्या इयत्तेतली पोर माझी, निर्धाराची कमी नव्हती हो तिच्यात, निर्धारच नको तेवढा होता. पहिल्यांदा थोडी बारीक झाली तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या म्हणाल्या कित्ती छान दिसतेस, काय करतेस आम्हाला पण सांग. आणि मी पण खूश, वाण लुटता लुटता तिचं कौतुक ऐकत होते. मे महिन्यात ती बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली, नाडी एवढी मंद की डॉक्टरनी घरी सोडलंच नाही.

अर्धीपोळी बाळा, माझा अनुभव पालकांच्या ग्रुपचा आहे. लहान मुलांमध्ये आईवडलांनीच जेवण हातात घ्यायचं अशी पद्धत असते, लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधून आलेली, म्हणजे काय आणि किती ते आम्ही ठरवायचं, तिने भांडायचं, आम्ही बसून राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या ग्रुपमध्ये एक बाबा होते, बँकेत मॅनेजर, ते सांगत होते की लेकीची अर्धी इडली संपायला पावणेदोन तास लागले आणि तेवढा वेळ ते शेजारी बसून पेपरातलं शब्दकोडं मोठ्याने सोडवत होते, चटणी वाळून गेली. हे ऐकून आम्ही सगळे पालक माना डोलावत होतो, बाहेरच्या कुणाला ही गोष्ट सांगितली असती तर त्यांनी म्हटलं असतं दोन ठेवून द्या. (आमच्याकडच्या एका काकांनी म्हटलंच.) ग्रुप नसता तर मीच आधी कोसळले असते.

नागपुरी_वडाभात:
पुरुष माणूस लिहितो आहे, कारण या धाग्यावर सगळे 'आठ जणी', 'सातच्या सात जणी' असंच होऊन राह्यलं. पोट्ट्यांना पण होते हो हे. मला बिंज ईटिंग, सोबत जिमचं वेड. आठवडाभर उकडलेली अंडी आणि ब्रोकोली, आणि रविवारी रात्री गाडीत बसून, काचा वर करून, एकट्याने पूर्ण फॅमिली पॅक. घरी सांगायची सोय नाही, आमच्याकडे जास्त खाल्लं तर सावजीवाला पण शाब्बास म्हणते. मला तर हा आजार आहे हेच माहीत नव्हतं, हावरटपणा वाटायचा.

मला नागपुरात असा ग्रुप सापडला नाही म्हणून ऑनलाइन केला. पुण्यात समोरासमोर मिळतो आहे तर बाप्पा सोडू नको. ऑनलाइनमध्ये लोक कॅमेरा असा लावतात की फक्त कपाळ दिसते. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सेल्फ व्ह्यू बंद करायला लावला, म्हणजे स्वतःचा चौकोन स्वतःलाच दिसणार नाही. मी तर दर मिनिटाला आपली हनुवटी बघत बसलो असतो.

ओव्हरईटर्स अॅनॉनिमसच्या मीटिंगांना पण गेलो चार-पाच वेळा. अमेरिकेतलं १९६० चं काम आहे, दारू सोडणाऱ्यांच्या बारा पायऱ्यांसारखंच. फुकट आहे, लोक जीव लावतात. पण तिथे काही जण काही पदार्थ पूर्ण वर्ज्य करतात आणि माझी थेरपिस्ट म्हणते वर्ज्य यादीच फाडायची आहे, त्यामुळे माझ्या डोक्याचा भुगा झाला. दारू सोडता येते, पोळी कशी सोडणार. ज्यांना फायदा झाला त्यांना झाला, माझा झाला नाही.

समुपदेशक_सातारा:
क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे कुणावर उपचार करत नाहीये, फक्त थोडी माहिती.

अर्धीपोळी, 'खात्यापित्या घरची दिसते' हे आजार नसल्याचं लक्षण नाही. १९७९ मध्ये लंडनला जेराल्ड रसेल यांनी ३० पेशंट्सवरून बुलिमियाचं (खूप खाऊन मग ते बाहेर काढायचा आजार) पहिलं वर्णन लिहिलं. बुलिमियात बहुतेकांचं वजन चारचौघांसारखंच असतं, म्हणून तर दहा-दहा वर्षं लपून राहतो. नागपूरकर, तुमचा हावरटपणा पण २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, स्वतंत्र आजार म्हणून आहे.

रात्रीच्या खाण्याबद्दल तुम्ही स्वतःला जी नावं ठेवता ना, त्यासाठी एक जुना प्रयोग सांगतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धानंतरच्या उपासमारीवर उपाय शोधायला. या लोकांना आधी खाण्याचा कसलाही प्रॉब्लेम नव्हता. थोड्या महिन्यांत ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, दिवसरात्र जेवणाचाच विचार, आणि नंतर खायला मिळाल्यावर काहींचा हात थांबेना. म्हणजे दिवसभराच्या उपासाची रात्री वसुली होतेय, तुमच्या स्वभावाचा त्यात दोष नाही. म्हणून उपचारात पहिलं काम असतं तीन-चार तासांनी काहीतरी खाणं, भूक असो नसो. हे जितकं कंटाळवाणं वाटतं तितकंच कामाचं आहे.

ग्रुपबद्दल सरळ सांगायचं तर बिंज ईटिंगसाठी पुरावा चांगला आहे, ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-सल्ला संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये बिंज ईटिंगसाठी आठवड्याला ९० मिनिटं, १६ सेशन असाच आराखडा आहे, तुमच्या थेरपिस्टनी बहुधा त्यावरूनच घेतलंय. बुलिमियात भर वैयक्तिक थेरपीवर असतो, त्यामुळे ती सोडू नका, ग्रुप तिच्या जोडीला. आणि वजन धोकादायक कमी असेल तर आधी तब्येत. जायच्या आधी फोन करून विचारा की चालवणारी व्यक्ती कोण, शिक्षण काय, आकड्यांचा आणि 'युक्त्यां'चा नियम आहे का, जेवताना कुणाला जमलं नाही तर काय करतात. नीट उत्तर न देता 'या तर खरं' म्हणाले तर जाऊ नका.

आणि एक, थेरपी चालू आहे म्हणून फिजिशियन टाळू नका. उलट्यांमुळे पोटॅशियम कमी होतं आणि त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, रक्त तपासणी आणि ईसीजी करून घ्या. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नका, अॅसिडने मऊ झालेलं एनॅमल आणखी घासलं जातं, नुसत्या पाण्याने चूळ भरा. छातीत धडधड, चक्कर असलं काही झालं तर सरळ हॉस्पिटल. आणि रात्री फारच कठीण झालं तर टेली-मानसचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

सडेतोड_नाना:
ईसीजीपर्यंत जातं हे माहीत नव्हतं. वरचं मागे घेतो.

अर्धीपोळी:
सगळ्यांना थँक्यू, उशीर झाला लिहायला. रक्त तपासलं, पोटॅशियम थोडं कमी निघालं, औषध सुरू आहे. फोन करून सगळे प्रश्न विचारले, त्या बाई न चिडता वीस मिनिटं बोलल्या म्हणून काल गेले.

पार्किंगमध्ये अकरा मिनिटं गाडीवर बसून होते. आत गेल्यावर नाव सोडून काहीही बोलले नाही. ओळखीचं कुणी नव्हतं, आणि हो, सगळ्या माझ्याहून बारीक वाटल्या, मग डोंबिवलीताईंचं आठवलं आणि हसू आलं, समोरच्या मुलीला वाटलं तिलाच हसले, मग तिला सांगावं लागलं का हसले, तर ती म्हणाली मी आत्ता तोच विचार करत होते. खायला बटाटेवडा होता. बटाटेवडा!! अर्धा खाल्ला, अर्धा टिश्यूत गुंडाळून हातात धरून ठेवला शेवटपर्यंत, हात सगळा तेलकट. कुणी काही म्हटलं नाही. रात्र मात्र वाईट गेली, खोटं नाही बोलणार. रविवारी सकाळी आजीला म्हटलं या सोमवारी मी उपास करणार नाहीये, तर म्हणे का गं, अडचण आली का. हो म्हटलं. सध्या एवढंच.

पुढच्या शनिवारी खाऊ न्यायची पाळी माझी आहे. काहीही आण म्हणाल्यात, फक्त साबुदाण्याची खिचडी नको.

डोंबिवलीफास्ट:
दडपे पोहे ने. ओला नारळ भरपूर घाल.