ॲपल क्रंबलच्या वरच्या थराला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

मंडळी, मी नॉटिंगहॅमला राहते. इथे सफरचंदांचा हंगाम आला की घरोघरी ॲपल क्रंबल होतं. साताऱ्याला आईकडे नुकताच ओव्हन आला आहे, म्हणून तिला कृती मराठीत लिहून पाठवायची आहे. पण लिहायला घेतलं आणि अडले. सफरचंदाच्या फोडींवर मैदा, बटर आणि साखरेचं जे मिश्रण पसरतात, त्याला काय म्हणू? 'चुरा' लिहिलं तर आई सरळ बिस्किटं कुस्करून टाकेल. 'भुगा' आणि 'भरड' हेही सुचले, पण मन घेईना. शिवाय 'बेक करणे'ला 'भाजणे' म्हटलेलं चालेल का?

प्रतिसाद

'चुरा' काय वाईट आहे? पावाचा चुरा म्हणतोच ना आपण. दिसायला ते मिश्रण तसंच असतं, आणि इंग्रजीतही क्रंबल आणि पावाचा क्रंब हे एकाच घरातले शब्द आहेत. उगाच जड शब्द शोधू नयेत असं मला वाटतं.

प्रतिसाद

जड शब्द नकोत हे पटलं, पण 'चुरा' मात्र इथे बसत नाही. चुरा होतो तो आधी अखंड असलेल्या वस्तूचा: पावाचा, पापडाचा, लाडवाचा. भुगाही काहीतरी कुटलं, पोखरलं गेल्यावरच उरतो. भरड तर जात्यातून किंवा मिक्सरमधून निघते. क्रंबलचं मिश्रण यांच्या उलट्या वाटेने तयार होतं. सुटं, कोरडं पीठ बटरच्या आधाराने थोडं थोडं जमत जातं, आणि त्याचा गोळा व्हायच्या आत आपण हात काढून घेतो. म्हणून ताईंच्या आईंनी 'चुरा' वाचून बिस्किटांचा डबा उघडला, तर त्यांनी मराठी बरोबरच वाचलं असं म्हणावं लागेल.

या क्रियेचा शब्द आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे: मोहन. करंजीच्या, शंकरपाळ्यांच्या पिठाला आपण मोहन चोळतो. मग मूठभर पीठ दाबून बघतो. मुटका वळला आणि बोटाने ढकलल्यावर सुटला, की मोहन पुरेसं झालं. क्रंबलच्या पिठाची परीक्षा हीच आहे. त्यामागचं कारणही एकच: पिठाच्या कणांवर तुपाचा किंवा बटरचा लेप बसला की पाणी आत पोचत नाही, ग्लुटेनचे चिवट धागे तयार होत नाहीत आणि पदार्थ खुसखुशीत होतो. हिंदीत याला मोयन म्हणतात, गुजरातीत मोण. दिवाळीचा फराळ केलेल्या कुणालाही 'मैद्याला बटरचं मोहन चोळून घ्या' एवढं सांगितलं की पुढचं हातच सांगतात.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट लिहायला हव्यात. एक म्हणजे तापमान. मोहन म्हटलं की आपला हात आधी कढल्याकडे जातो. चकलीला, करंजीला ते कडकडीत तापवूनच घालतात. इथे बटर फ्रिजमधून काढलेलं, घट्ट हवं. ते पातळ झालं तर मिश्रणाचा लगदा होतो आणि सुटे, मोकळे कण मिळत नाहीत. तेव्हा 'थंड बटरचं मोहन' असं ठसठशीत लिहा. दुसरी गोष्ट प्रमाणाची. करंजीला मोहन चमच्यांनी मोजतात. इथे मैद्याच्या निम्म्या वजनाचं बटर लागतं: २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम साखर. मोहन शब्दाच्या सवयीने कुणी दोन चमचे बटर घातलं तर वरचा थर कोरड्या पिठासारखा घशात बसेल.

तयार मिश्रणाचं वर्णन करायला 'रवाळ' घ्या. तुपाला, बेसनाच्या लाडवाला आपण वापरतो तोच शब्द. 'रवाळ, मधूनमधून हरभऱ्याएवढे खडे राहिलेलं' असं लिहिलंत की चित्र पूर्ण होतं. हे खडे मोडू नयेत, भाजल्यावर तेच सगळ्यात चविष्ट लागतात.

प्रतिसाद

मोहन वाचून समाधान झालं. माझी भर 'बटर' या शब्दाबद्दल. आमच्याकडे बटर म्हणजे बेकरीतलं, चहात बुडवायचं कडक बटर, खारीच्या शेजारच्या बरणीतलं. संदर्भाने कळेल हे खरं, पण वयस्कर वाचकासाठी 'लोणी' लिहिलेलं बरं नाही का?

प्रतिसाद

'लोणी' लिहिलं तर घरचं, ताकातून काढलेलं पांढरं लोणी घेतलं जाईल, आणि त्यात ताकाचा अंश राहतो. बाजारच्या बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, घरच्या लोण्यात पाणी किती हे प्रत्येक घरी वेगळं. ओलं लोणी मैद्याला लागलं की पीठ चिकट होतं आणि मोहनाचा हेतूच बुडतो. म्हणून 'बिनमिठाचं बटर' असंच लिहावं. ते नसेल तर थिजलेलं रवाळ साजूक तूप चालेल. त्यात पाणी नसतंच, आणि वरचा थर नानकटाईच्या वळणावर जातो. चवीला मला तो प्रकारही फार आवडतो.

आता बेक आणि भाजणे. इंग्रजीत केकपासून बटाट्यापर्यंत सगळ्याला बेक चालतं. मराठीत भाकरी भाजतात, पाव भाजतात, बेकरीतून नानकटाई भाजून आणतात. तेव्हा कोरड्या उष्णतेला 'भाजणे' योग्यच आहे. पण क्रंबलमध्ये एकाच भांड्यात दोन गोष्टी घडतात. खाली फोडी स्वतःच्या रसात शिजतात आणि वर पीठ भाजलं जातं. मराठीत त्या वेगळ्या सांगता येतात, मग सांगाव्यात. माझं वाक्य असं असेल: 'ओव्हन आधी तापवून घ्या, १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं ठेवा, वरचा थर खरपूस भाजला गेला, फोडी मऊ शिजल्या आणि कडेने रस रटरटायला लागला की झालं.' 'सोनेरी होईपर्यंत बेक करा' या वाक्यातून फोडी शिजल्या की नाही ते कळतच नाही. पुष्कळदा वर रंग आधी येतो आणि सुरी घातली की खाली फोड कच्ची निघते.

प्रतिसाद

फोडींचाच विषय निघाला आहे तर थोडं सफरचंदांबद्दल, कारण इथे शब्द बरोबर असूनही पदार्थ फसेल. ताई, तुमच्या नॉटिंगहॅमपासून जवळच साउथवेल गाव आहे. तिथे १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने पेरलेल्या बीमधून ब्रॅमली सफरचंदाचं मूळ झाड आलं. पुढे हे झाड असलेलं घर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या खाटकाने घेतलं. १८५६ मध्ये मेरीवेदर या रोपवाटिकेवाल्याने कलमांसाठी काड्या मागितल्या, तेव्हा सफरचंदाला आपलं नाव द्यावं या अटीवर ब्रॅमलीने त्या दिल्या. इंग्लंडमधलं क्रंबल बहुतेक या ब्रॅमलीचं असतं. ते इतकं आंबट की सहसा कुणी नुसतं खात नाही, आणि शिजलं की फोड उरत नाही, पार गळून मऊसूत गर होतो. खायची सफरचंदं आणि शिजवायची सफरचंदं असा सरळ भेद तिथल्या बाजारात असतो, जसा आपण भाजीच्या केळ्यांचा करतो.

साताऱ्याच्या मंडईत मिळतात ती मुख्यतः डेलिशस जातीची. सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स यांनी १९१६ साली अमेरिकेतून आणून हिमाचलात कोटगढ भागात लावली, तीच परंपरा. चव गोड, आंबटपणा कमी. आणि जुनी झाली की 'पिठूळ' होतात. हा शब्द कृतीत जरूर घाला: 'पिठूळ सफरचंद घेऊ नये.' हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळालं तर निम्मं ते आणि निम्मं लाल घ्यावं. नाही मिळालं तर ८०० ग्रॅम फोडींना मोठा चमचाभर लिंबाचा रस, आणि साखर हात राखून. आंबटपणाशिवाय या पदार्थात काही राम नाही. आणि 'फोडी' हेच लिहा. 'काप' म्हटलं की पातळ चकत्या होतील आणि वरचं पीठ भाजेस्तोवर त्यांचा लगदा होईल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

खूप खूप आभार. 'पिठूळ' मी कित्येक वर्षांत वापरला नव्हता! अजून एक: अमेरिकेतली माझी वहिनी याच पदार्थाला 'क्रिस्प' म्हणते आणि त्यात ओट्स घालते. मराठीत हा फरक दाखवता येईल का?

प्रतिसाद

छान दाखवता येईल. खुसखुशीत आणि कुरकुरीत यांतला फरक तोच आहे. कुरकुरीत म्हणजे दाताखाली आवाज करणारं: पापड, भाजलेले पोहे, आणि तसेच भाजलेले ओट्स. खुसखुशीत पदार्थ आवाज न करता जरा दाबला की सुटतो, विरघळतो. ब्रिटिश क्रंबलचा थर खुसखुशीत, अमेरिकन क्रिस्पचा कुरकुरीत. सीमारेषा पक्की नाही, ब्रिटनमध्येही ओट्स घालणारे पुष्कळ आहेत.

ब्रिटनमध्ये क्रंबल घराघरांत पोचलं ते दुसऱ्या महायुद्धात, असं मानतात. जानेवारी १९४० मध्ये लोणी आणि साखरेवर रेशन आलं. लोणी सहसा माणशी आठवड्याला २ औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. वर आपण लिहिलेलं १०० ग्रॅम बटर दोन माणसांचा जवळजवळ आठवड्याचा वाटा झाला असता. 'ॲपल पाय'सारख्या, पारीत सारण भरून भाजायच्या पदार्थाला मैदा आणि चरबी जास्त लागते. सुटं मिश्रण वर पसरलं की कमीत भागतं. मार्जरीन, ओट्स, पावाचा चुरा, जे हाताशी असेल ते त्यात जायचं. पावाचा चुरा घातला तर तिथे मात्र 'चुरा' हा शब्द शंभर टक्के बरोबर!

प्रतिसाद

लिंगाचं काय ठरलं? ताई 'क्रंबल होतं' लिहितात, म्हणजे नपुंसकलिंगी. माझी मुलगी 'तो क्रंबल' म्हणते, केकसारखा.

प्रतिसाद

मी 'ते क्रंबल' म्हणेन. केक एकसंध असतो, कापून त्याचा तुकडा उचलता येतो, आणि त्याचं पुल्लिंग आता रुळलं आहे. क्रंबल चमच्याने वाढायचं, वाटीत खायचं. ते पुडिंग, ते कस्टर्ड यांच्या पंगतीतलं. इंग्लंडमध्ये त्यावर गरम कस्टर्ड ओतून देतात, तेव्हा 'क्रंबल आणि कस्टर्ड दोन्ही गरम असावीत' हे वाक्यही सुरळीत बसतं. पदार्थाचं नाव क्रंबलच ठेवावं, मराठी प्रतिशब्द करू नये. वरच्या थराला कृतीत 'मोहन चोळलेलं पीठ' किंवा नुसतं 'वरचं पीठ' म्हणावं. मुलीचं 'तो' चूक म्हणणार नाही. शब्द नवा आहे, आणि ज्या घरात तो जास्त वेळा होईल तिथेच ते ठरेल.