प्रतिसाद: 18 पूर्ण झाल्यावर पालकत्व आपोआप राहत नाही

अपंग मुलाच्या भविष्याबद्दलच्या एका पोस्टमध्ये 'आईवडीलच कायम पालक, मग फ्लॅट मुलाच्या नावावर करून मोकळं व्हावं' असं म्हटलंय. यातली दोन्ही गृहीतकं महागात पडतात.

मूल 18 चं झालं की कायद्याने सज्ञान. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे 'फॉर्म ए' भरून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. समितीत जिल्हाधिकारी असतात. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजाराला हा कायदा लागू नाही, तिथे वाट वेगळी. नेमणूक झाल्यावर 6 महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर 3 महिन्यांत हिशोब द्यायचा असतो. हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही.

फ्लॅट थेट मुलाच्या नावावर केला आणि त्याला व्यवहार कळत नसेल, तर पुढे विकताना किंवा भाड्याने देताना गाडी अडते. त्यापेक्षा मृत्युपत्रातून ट्रस्ट (मुलासाठी मालमत्ता विश्वस्तांनी सांभाळायची व्यवस्था) करा: विश्वस्त किमान दोन, त्यातला एक तुमच्यापेक्षा बराच तरुण, आणि पर्यायी नावही लिहा. मृत्युपत्राला साक्षीदार दोन, आणि ते स्वतः लाभार्थी नकोत. अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट असेल, तर कमाल दराने कर लागत नाही. हयातीतल्या विवेकाधीन ट्रस्टला (कोणाला किती द्यायचं हे विश्वस्त ठरवतात असा) सहसा लागतो.

आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. आजोबांनी मायेने नातवाचं नाव थेट मृत्युपत्रात घातलं, तर तुमच्या ट्रस्टचा उपयोग तेवढ्यापुरता संपतो, म्हणून त्यांनाही हिस्सा ट्रस्टच्या नावे लिहायला सांगा.

घरात कोणी सरकारी पेन्शनर असल्यास कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचं नाव पीपीओमध्ये (पेन्शन देण्याच्या आदेशात) आत्ताच चढवून घ्या.