प्रतिसाद: उंबरठा रंगवावा की छापावा?

वर एकांनी विचारलंय, देवघर-उंबरठा हाच विषय असेल तर छापाचित्राचा (कोरलेल्या ठशावरून कागदावर उमटवलेल्या चित्राचा) खटाटोप कशाला, सरळ रंगवावं की. मला उलट वाटतं.

आमच्या बडोद्यातल्या जुन्या घराचा उंबरा मी लिनोवर, म्हणजे कोरायच्या मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरला होता, वर लक्ष्मीची पावलं. उजवं पाऊल पुढे, आत येणारं. छाप काढला तर डावं पुढे! आई म्हणाली, "अरे, ही कुठली लक्ष्मी?" छापात डावं-उजवं उलटतं हे ठाऊक असूनही फसलो. पण त्या चुकीनेच डोळे उघडले. ठसा म्हणजे घराची आतली बाजू, कागद म्हणजे बाहेरची, आणि आकृती त्या दोघांमधून जाते. एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून काढलेल्या छापात, तर आणखीच: ॲसिडने खाल्लेल्या रेघेत शाई बसते, ओला कागद ती दाबाखाली उचलतो. रोज पुसून घासून झिजलेल्या उंबऱ्याचा खोलगटपणा रंगाने इतका येत नाही.

बडोद्याचे छापाचित्रकार ज्योती भट्ट यांनी रांगोळ्या, मांडणे, भिंतीवरची चित्रं यांचे फोटो काढत गावोगाव भटकंती केली. त्यांची छापाचित्रं त्या नजरेने पाहा.

रंगाची बाजू मांडायची तर बडोद्यात गायकवाड घराण्याचं स्मारक असलेल्या कीर्तिमंदिरात जा. चित्रकार नंदलाल बोस यांचं गंगावतरण आणि मीराबाई तिथे भिंतीवर आहेत. तिथे मान वर करून उभं राहावं लागतं, ते छापाला जमायचं नाही, हे कबूल. बडोद्याच्याच जुन्या तांबेकर वाड्यातल्या रंगवलेल्या भिंती मात्र घरातल्याच वाटतात. देवादिकांच्या शेजारी साधी माणसं, मधे आडपडदा नाही.

पावलांचा तो छाप अजून आहे. आईने लावू दिला नाही.