जिंगशिंगची खिंड: हान शिनने जिंकली की चेन यूने घालवली?

घाटवाट (धागाकर्ता):
चीनमधील ताईहांग पर्वतातून आजच्या हेबेई प्रांताच्या मैदानात उतरणाऱ्या जिंगशिंग खिंडीच्या तोंडाशी इ.स.पू. २०४ मध्ये हान राज्याचा राजा लियू बांग याचा सेनापती हान शिन याने झाओ राज्याच्या सैन्याची धूळधाण उडवली. नदीकडे पाठ करून लढण्याच्या त्याच्या डावपेचाचे गोडवे आजही गायले जातात. माझ्या मते मात्र या लढाईचा निकाल आदल्याच दिवसांत झाओच्या छावणीत लागला होता. झाओचाच एक सरदार ली झुओचे याने झाओचा सेनापती चेन यू याला सांगितले होते की, या वाटेने दोन गाड्या शेजारी-शेजारी जात नाहीत, म्हणजे शत्रूची रसद फार मागे राहणार. मला ३०,००० माणसे द्या, मी आडवाटेने जाऊन ती तोडतो, तुम्ही तटाआडून हलू नका, दहा दिवसांच्या आत हान शिन आणि त्याचा जोडीदार सेनानी झांग अर या दोघांची मुंडकी तुमच्यापुढे येतील. न्यायासाठी लढणारे सैन्य कपट करत नाही, असे म्हणून चेन यूने हा सल्ला झिडकारला. हातातली खिंड आपणहून मोकळी करून देणाऱ्याला हरवण्यात अलौकिक ते काय?

टेहळ्या:
असहमत. हा सल्ला फेटाळला गेल्याची खात्रीलायक बातमी हेरांनी आणेपर्यंत हान शिनने खिंडीत पाऊल टाकले नव्हते, हे आपण वगळले. शिवाय त्याचे कसलेले सैनिक लियू बांगने आधीच स्वतःकडे ओढून घेतले होते. उरलेले म्हणजे, त्याच्याच शब्दांत, बाजारातून हाकून आणलेली माणसे. पळायला वाट असती तर ती पळालीच असती, म्हणून त्याने मागे नदी ठेवली. १०,००० जणांची ही मांडणी पाहून झाओचे सैनिक मोठ्याने हसले होते.

तटबंदी:
चेन यूला पुस्तकी पंडित ठरवून दोघेही मोकळे झालात. त्याचे दुसरे कारणही नोंदलेले आहे: हान सैन्य थोडे आहे, लांबून थकून आले आहे, त्यालाही आपण बिचकलो तर उद्या शेजारची राज्ये आपल्याला भित्रे समजून चाल करतील. दोन लाखांचे म्हणवणारे सैन्य पदरी असलेल्या माणसाचा हा हिशेब वेडगळ नव्हे. त्यात समोर झांग अर. एके काळचा जिवाला जीव देणारा मित्र, ज्याला पुढे यानेच त्याच्या प्रदेशातून हुसकावून लावले होते. त्याच्यासमोर तटाआड दडून बसणे किती जड गेले असते! शिवाय ही सगळी हकीकत हान काळातील इतिहासकार सिमा चियानने सुमारे शंभर वर्षांनी लिहिली आहे, तेव्हा हरलेल्याच्या तोंडी शहाणपणाची वाक्ये सापडणार नाहीत हे ओघानेच आले.

घाटवाट:
शेजाऱ्यांच्या धाकाचा मुद्दा मान्य. परंतु ली झुओचेला जिवंत आणणाऱ्यास हान शिनने १,००० सुवर्णांचे इनाम लावले, तो समोर येताच स्वतः त्याच्या दोऱ्या सोडल्या, त्याला पूर्वाभिमुख, म्हणजे गुरूच्या जागी, बसवले आणि सांगितले की, चेन यूने तुमचे ऐकले असते तर मीच कैदी झालो असतो. जिंकलेलाच असे म्हणतो, तर आपण वेगळे का म्हणावे?

टेहळ्या:
कारण त्याला त्या वेळी सल्ला हवा होता! पुढे यान आणि ची ही राज्ये घ्यायची होती, आणि यान तर लीच्याच सल्ल्याने नुसता दूत पाठवून शरण आले. अशा माणसाशी बोलताना केलेले कौतुक साक्ष म्हणून कसे धरायचे? हेर पेरणारा सेनापती रसद तुटण्याची वाट पाहत खिंडीत बसला असता, हेही मला पटत नाही. तो आत शिरलाच नसता.

आणि नदीपेक्षा मला ते २,००० घोडेस्वार महत्त्वाचे वाटतात. खिंडीच्या तोंडापासून ३० ली, म्हणजे साधारण १२ किलोमीटर, अलीकडे तळ पडला असताना मध्यरात्री प्रत्येकाच्या हाती एक लाल झेंडा देऊन त्यांना आडवाटेने डोंगरात पाठवले. सकाळी हान शिन निशाणे-नगारे टाकून पळाल्यासारखे करत नदीकडे हटला, ती लूट उचलायला झाओची छावणी रिकामी झाली, आणि स्वारांनी आत घुसून तटावर झेंडे बदलले. नदीकाठची फळी फुटेना म्हणून परत वळलेल्या सैन्याला आपल्याच तटावर २,००० लाल झेंडे दिसले. आपले सरदार पकडले गेले असे समजून ते उधळले. मागे फिरणाऱ्यांची मुंडकी उडवूनही झाओच्या सरदारांना ती पळापळ थांबवता आली नाही.

तटबंदी:
झेंड्यांबाबत सहमत. मात्र आडवाटेने माणसे पाठवण्याची ही कल्पना मुळात ली झुओचेचीच होती. फरक इतकाच की ती अमलात आणली शत्रूने.