प्रोग्रॅमिंग भाषांच्या क्रमवारीवर किती विसंबायचं?

थर्ड गेट:
दर महिन्याला आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टायोबीच्या तक्त्याचा, म्हणजे कुठली प्रोग्रॅमिंग भाषा किती लोकप्रिय याच्या मासिक क्रमवारीचा स्क्रीनशॉट येऊन पडतो. पायथन पहिला, मग सी, सी++, जावा, बाजूला हिरवे-लाल बाण. लगेच कुणीतरी लिहितो, 'जावा संपली, पोरांना सांगा.' आणि खरंच सांगत सुटतात. माझ्या भाचीला व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) पहिल्या वर्षाला पायथन, जावा, सी++ यातलं एक निवडायचं आहे. घरी येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे तोच तक्ता धरतोय.

माझं मत, हे तक्ते करमणुकीपुरते बघावेत, निर्णयाला वापरू नयेत. टायोबी मोजतं काय? सर्च इंजिनांत 'पायथन प्रोग्रॅमिंग' टाकल्यावर किती पानं सापडतात ते. माणसं मोजत नाही, नोकऱ्या मोजत नाही, चालू असलेलं सॉफ्टवेअर तर नाहीच. 2004 मध्ये गूगलने आपल्या शोधाची साफसफाई केली आणि या तक्त्यात जावा, सी++ धाडकन खाली आल्या. त्या महिन्यात जावावाले काही घरी बसले नव्हते. 2025 च्या सप्टेंबरात पर्ल 10व्या क्रमांकावर होती, वर्षापूर्वी 27वी. तुमच्या ओळखीत कोण नव्यानं पर्ल शिकालंय? असेल तर सांगा, त्याला कुंदा पाठवतो.

त्यापेक्षा आपल्या भागातल्या पोरांना कामावर कोण घेतं आणि कशासाठी घेतं ते विचारावं.

निपाणी ते हिंजवडी:
दादा, पर्लचं उदाहरण मस्त आहे, पण सोयीचं आहे. एका महिन्याचा बाण बघून कुणी काही ठरवू नये हे मान्यच. दहा-पंधरा वर्षांची रेघ बघा की. टायोबीत 2001 पासून वीस वर्षं पहिला नंबर सी आणि जावा आलटून पालटून घेत होत्या. 2021 च्या ऑक्टोबरात पायथन वर गेला तो एका रात्रीत नाही, कित्येक वर्षं हळूहळू चढत आला होता. गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या साइटवर, 2024 मध्ये त्यानेच जावास्क्रिप्टला मागे टाकलं. तिथे सापडलेली पानं मोजत नाहीत, प्रत्यक्ष काम मोजतात. गूगल ट्रेंड्सवर चालणाऱ्या पीवायपीएल या दुसऱ्या क्रमवारीत तर तो त्याआधीच पहिला होता. मोजायच्या तीन वेगळ्या रीती, तिघींची दिशा एक. याला योगायोग म्हणणार का?

आणि 'आपल्या भागात विचारा' हा उपाय तर तक्त्याहून कच्चा आहे. कॅम्पसला येणाऱ्या मोजक्या कंपन्या, त्यांच्याकडे लागलेले सीनियर, ते सांगणार स्वतः शिकले ते. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या मुलीला चार वर्षं जुनी बातमी देऊन काय उपयोग?

उद्यमबाग नाईट शिफ्ट:
तुम्ही दोघं पुण्या-बेंगळूरच्या नोकरीचं बोलालासा. इथं बेळगावात उद्यमबागेत, मच्छ्यात कारखान्यांतनं रोज किती प्रोग्रॅम लिहितात ते कुठल्या तक्त्यात हाय? कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशिनवर जी-कोड, मशिनं चालू-बंद करणाऱ्या पीएलसी कंट्रोलरवर लॅडर. वरच्या दहात यातलं एक तरी दाखवा.

आणि ही कामं हलकी नव्हेत. जी90 म्हणजे माप शून्यापासून, जी91 म्हणजे आता आहे तिथनं पुढं. एकाच्या जागी दुसरा पडला की टूल सरळ जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात घुसतो. तुमच्यात प्रोग्रॅम चुकला तर स्क्रीनवर लाल अक्षरं येतात, आमच्यात टूल फिरवणारा स्पिंडलच जातो. पीएलसीच्या भाषांना तर आयईसी 61131-3 असं आंतरराष्ट्रीय मानक हाय, 1993 पासनं. लॅडर लिहिणारा गडी ब्लॉग लिहित नाही, गिटहबवर टाकत नाही. प्रोग्रॅम पॅनेलात आणि बॅकअप मालकाच्या पेनड्राइव्हवर. मोजणार कोण त्याला?

पायथन आमच्याकडं पण आलाय, नाही म्हणत नाही. पण मशिनच्या बाहेर. मॉडबसवरनं (मशिनांची माहिती पाठवायची एक पद्धत) भट्टीचं तापमान वाचायचं आणि एक्सेल भरायचं, एवढंच काम.

प्रॅक्टिकल जर्नल:
मी इथल्याच एका कॉलेजात शिकवते, तर तक्त्याची दुसरी बाजू सांगते. निपाणीकरांनी पीवायपीएलचा दाखला दिला. 'अमुक भाषा ट्युटोरियल' असं गूगलवर किती शोधलं जातं, हे त्याचं माप. आता विद्यापीठाने एखादी भाषा पहिल्या वर्षाला ठेवली की काय होतं? लॅबच्या आदल्या रात्री अख्खी बॅच तेच शोधते. त्यात आवड नसते, इंटर्नल्सचे मार्क असतात. अशा विद्यापीठांची जगभरची बेरीज करा. भाषा वर जाते, मग अभ्यासक्रम समितीत कुणीतरी तोच आलेख दाखवून म्हणतो, 'बघा, मागणी आहे.' आपणच ढकलायचं आणि आपणच मागणी म्हणायचं.

म्हणून तीन वेगळ्या रीती हे मला तितकंसं पटत नाही. शिकणाऱ्यांची गर्दी तिन्हींत घुसते. शिकाऊ रेपॉझिटरी, म्हणजे सरावाचे कोडचे फोल्डर, गिटहबवरही ढिगाने आहेत, आमच्याच मुलांच्या किती असतील.

मात्र थर्ड गेट सर, तुमचं 'करमणुकीपुरतं' मला मान्य नाही. गर्दी जिथे असते तिथे पुस्तकं, व्हिडिओ, तयार लायब्ररी असतात, अडलं तर उत्तर सापडतं. मराठी किंवा कन्नड माध्यमातून येऊन पहिल्यांदाच कोड लिहिणाऱ्या मुलीला हा फार मोठा आधार आहे. लोकप्रियतेचा तेवढा फायदा खरा.

निपाणी ते हिंजवडी:
मॅडम, शिकणारेच उद्याचे कामगार ना? आज शिकाऊ रेपॉझिटरी, उद्या पगार.

थर्ड गेट:
दरवेळी नाही. आयफोनच्या ॲपची भाषा ऑब्जेक्टिव्ह-सी आठवते का? 2011 आणि 2012, सलग दोन वर्षं टायोबीने तिला वर्षातली भाषा ठरवलं. आयफोनची हवा होती, क्लासवाल्यांनी जाहिराती केल्या. 2014 च्या जूनमध्ये ॲपलने तिच्याऐवजी स्विफ्ट ही नवी भाषा आणली आणि हिचं घसरणं सुरू झालं. तुमची ती लांब रेघ 2013 मध्ये बघणाऱ्याला काय सांगत होती? घे, चढतीय. एका कंपनीच्या एका निर्णयावर उभी असलेली भाषा तक्त्यात वेगळ्या रंगाने दाखवत नाहीत. अँड्रॉइडवर 2019 मध्ये गूगलने कॉटलिन या भाषेला पहिली पसंती जाहीर केली, तोही असाच वरून आलेला निर्णय.

निपाणी ते हिंजवडी:
एक ऑब्जेक्टिव्ह-सी. त्यासमोर सी, जावा, सी++, पायथन ठेवा. पहिल्या ओळींत पंचवीस वर्षं तीच नावं फिरतायत. बदल इतका सावकाश होतो की तक्ता बघून चुकणंच अवघड. चुकतात ते चौथ्या वर्षी वाऱ्यावर भाषा बदलणारे. आणि ज्याने ऑब्जेक्टिव्ह-सीत ॲप केले त्याला स्विफ्ट शिकायला फार वेळ लागला नाही, हेही सांगा की.

कॅम्पातला जावावाला:
'जावा संपली' वाचून यावं लागलं. बँकेच्या प्रोजेक्टवर आहे. 2014 ची जावा 8 अजून चालतीय आमच्यात, आणि तो कोड कुठल्याही गिटहबवर तुम्हाला दिसणार नाही. नवी जावा दर सहा महिन्याला येते ती वेगळीच. संपली म्हणणाऱ्यांचा पगार पण बहुतेक आमच्याच सर्व्हरवरून जमा होतो.

खरा घोळ मात्र कुणी बोललंच नाही. आता मोजायचं कुठून? 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हापासून स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, नवे प्रश्न पार आटले. लोक तिथे विचारतच नाहीत. रेडमंक या कंपनीची भाषांची क्रमवारी अर्धी गिटहबवर, अर्धी स्टॅक ओव्हरफ्लोवर उभी, त्यांनीही हा प्रश्न स्वतःच मांडलाय. गूगलवरचं ट्युटोरियल शोधणंही त्याच वाटेने जाणार. 2025 च्या ऑगस्टमध्ये गिटहबवर टाइपस्क्रिप्ट, जावास्क्रिप्टचीच सुधारून वाढवलेली भाषा, सगळ्यांच्या पुढे गेली आणि त्याच सुमारास टायोबीच्या पहिल्या विसातही ती नव्हती! दोन तक्ते एकाच जगाचे वाटतात का तुम्हाला? टाइपस्क्रिप्ट वर जायला एक कारण म्हणजे नवीन फ्रेमवर्क (ॲपचे तयार सांगाडे) प्रोजेक्ट सुरू करतानाच ती लावून देतात. माणसाने निवडली की टूलने, हे मोजणीत कळत नाही.

प्रॅक्टिकल जर्नल:
हा मुद्दा चांगला काढलात. सर्वेक्षणं तेवढी उरतात, पण तिथेही उत्तर देणारा स्वतःहून येतो. स्टॅक ओव्हरफ्लोच्या 2024 च्या सर्वेक्षणात 65 हजारांवर लोक होते. जावास्क्रिप्ट 62 टक्के, पायथन आणि एसक्यूएल दोन्ही 51 च्या आसपास. एसक्यूएलकडे बघा जरा, डेटाबेसमधून माहिती काढायची ही भाषा. तिची कुणी हवा करत नाही, टायोबीने तर 2018 पर्यंत कित्येक वर्षं यादीतच धरली नव्हती. पण निम्मे लोक वापरतात. सर, भाचीला पायथन घेऊ दे, जावा पुढे येईलच. फक्त डेटाबेसचा विषय पास होण्यापुरता करू नको म्हणावं.

थर्ड गेट:
पायथन घेईल ती, तिला तेच हवंय. माझा राग पायथनवर नाही, स्क्रीनशॉटवर आहे. जावावाल्यांनी सांगितलं ते ग्रुपवर टाकतो. आता म्हणतील, 'टाइपस्क्रिप्ट शिका.'

निपाणी ते हिंजवडी:
टाका. पण शेजारी दहा वर्षांचा आलेखही टाका, नुसते बाण नको.

उद्यमबाग नाईट शिफ्ट:
आणि लॅडरचं राहिलंच की ओ. मॅडम, तुमच्या पोरास्नी एकदा शॉपवर पाठवा. त्याच मानकात स्ट्रक्चर्ड टेक्स्ट म्हणून एक भाषा हाय, पास्कलसारखी दिसते, सी येणाऱ्याला लवकर जमते. दोन पोरं हवीत आम्हाला, आणि जाहिरात दिली तर अर्ज सगळे वेब डेव्हलपरचे यालेत.