तर्रीचा डाग आणि गच्चीची किल्ली

ब-३०२ (काकू): रविवारी पार्किंगमध्ये झालेल्या मिसळीच्या कार्यक्रमात ह्यांच्या पांढऱ्या सुती कुर्त्यावर कोणाच्या तरी वाटीतली तर्री सांडली. नाव मला माहीत आहे, पण ते मी येथे लिहिणार नाही. चार दिवस वाळलेला तो डाग आज साबणाने घासला, तर पिवळ्याचा कुंकवासारखा लाल झाला.

अ-१०१ (आजोबा): गरम पाणी वापरू नये.

क-२०४: काकू, घाबरू नका. हळदीतले कर्क्युमिन साबणाच्या पाण्यात लाल होते. कुर्ता साध्या पाण्यात भरपूर खळबळून शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घातले की ते पुन्हा पिवळे पडते. मात्र आधी तेल काढायला हवे, म्हणून वाळलेला थर चमच्याच्या कडेने खरवडून भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब डागावर चोळावेत, १५ मिनिटांनी धुवावे आणि कुर्ता कडक उन्हात टाकावा, कारण राहिलेला पिवळेपणा उन्हानेच उडतो. तोवर इस्त्री फिरवू नये.

अ-१०१ (आजोबा): मी मघाशीच लिहिले होते, कोणी वाचलेले दिसत नाही. गरम पाणी वापरू नये.

क-२०४: आजोबा, आपले म्हणणे दही, दूध, अंडे यांच्या डागांना लागू आहे, कारण त्यांतली प्रथिने गरम पाण्याने धाग्यातच घट्ट बसतात. तर्रीच्या तेलाला कोमट पाणी चालते.

अ-१०१ (आजोबा): मिसळीबरोबर दहीही होते.

ब-४०१: रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारून आलेला कुर्ता काका अभिमानाने मिरवतात, मग तर्रीच्या एका ठिपक्याचे एवढे काय?

ब-३०२ (काकू): वाटी कोणाची होती, हे आता सर्वांच्या लक्षात आले असेल.

अ-३०३: येवल्याच्या पैठणीवर वाळलेल्या श्रीखंडाला हाच उपाय चालेल का?

क-२०४: वहिनी, कृपया करू नका. रेशमाला घासणे आणि कडक ऊन सोसत नाही, एन्झाइम असलेली धुण्याची पावडर तर मुळीच नाही. ड्रायक्लीनला द्या आणि डाग श्रीखंडाचा असल्याचे आवर्जून सांगा.

ब-३०२ (काकू): सांगितल्याप्रमाणे सगळे केले. आता ओला कुर्ता हातात घेऊन गच्चीच्या दारात उभी आहे आणि दाराला कुलूप आहे.

सचिव: गच्चीवर कुरडयांचे वाळवण घातलेले असून, त्यावर ओल्या कपड्यांचे पाणी ठिबकते अशी लेखी तक्रार आल्यामुळे कुलूप लावावे लागले. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

अ-१०१ (आजोबा): गरम पाणी वापरले का?

ब-३०२ (काकू): नाही हो आजोबा. सचिवसाहेब, किल्ली कोणाकडे आहे, तेवढे सांगावे.

सचिव: वाळवण ज्यांचे आहे त्यांच्याकडे, म्हणजे ब-४०१ मध्ये.